मधल्या पायरीवरचा न्यायाधीश

१९२८ च्या मार्च महिन्यात 'मॉन्ट्रोज' आणि 'टी. जे. हूपर' या दोन टगबोटी कोळशाने भरलेले बार्ज ओढत व्हर्जिनियाहून उत्तरेकडे निघाल्या होत्या. न्यू जर्सीच्या किनाऱ्यापाशी त्यांना वादळाने गाठले आणि दोन बार्ज मालासकट बुडाले. हवामानाचा अंदाज आर्लिंग्टनहून रोज सकाळ-संध्याकाळ रेडिओवर दिला जात होता. त्याच मार्गावरच्या इतर काही टगबोटींनी तो ऐकला आणि वेळीच आसरा घेतला. या दोन बोटींवरही रेडिओ होते, पण ते कप्तानांच्या खासगी मालकीचे होते आणि बिघडलेले होते. नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला तेव्हा बोटीच्या मालकांची बाजू सरळ होती: या धंद्यात टगबोटीवर रेडिओ बसवायची पद्धतच नाही, मग आम्ही तो बसवला नाही यात आमचा निष्काळजीपणा कसला? चार लोक जसे वागतात तसे आम्ही वागलो.

१९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने हा बचाव फेटाळला. निकालपत्र जेमतेम काही पानांचे आहे. सर्वसाधारणपणे धंद्याची रीत हीच शहाणपणाची रीत असते, हे त्यात आधी मोकळेपणाने मान्य केले आहे. पण एखादा अख्खा धंदाच नवी, स्वस्त आणि उपयोगी साधने घ्यायला उशीर करत असेल, तर त्या धंद्याची सवय हा शेवटचा निकष ठरू शकत नाही. काय आवश्यक होते, हे अखेर न्यायालयानेच सांगायचे. हे निकालपत्र लर्नेड हँड यांनी लिहिले. आजही अमेरिकेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्याला ते पहिल्याच वर्षी वाचावे लागते.

हे पुस्तक या हँड यांच्याविषयी आहे. ते सर्वोच्च न्यायालयात कधीच गेले नाहीत. १९०९ ते १९२४ ते न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयात होते आणि १९२४ पासून १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'सेकंड सर्किट' या अपील न्यायालयात. एकूण बावन्न वर्षे. त्यांच्या निकालपत्रांची संख्या चार हजारांच्या घरात जाते.

अमेरिकेतली फेडरल न्यायव्यवस्था तीन पायऱ्यांची आहे. खाली जिल्हा न्यायालये; तिथे साक्षी होतात, ज्यूरी बसते, आरोपीचा चेहरा दिसतो. वर वॉशिंग्टनमधले सर्वोच्च न्यायालय. या दोहोंच्या मध्ये १८९१ च्या कायद्याने आणलेली अपील न्यायालये आहेत. प्रत्येक अपील न्यायालयाकडे काही राज्यांचा प्रदेश, म्हणजे एक सर्किट. सेकंड सर्किटकडे न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट. तीन न्यायाधीशांचे खंडपीठ खालच्या न्यायालयाचे कागद वाचते, वकिलांचे युक्तिवाद ऐकते आणि निकाल देते. साक्षीदार नाही, ज्यूरी नाही. १९२५ पासून बहुतेक प्रकरणांत सुनावणी घ्यायची की नाही हे सर्वोच्च न्यायालय स्वतः ठरवू लागले, आणि ते फार थोडी प्रकरणे घेते. त्यामुळे बहुतेक पक्षकारांसाठी मधली पायरी हीच शेवटची ठरते. या पायरीवरच्या न्यायाधीशाला वरच्या न्यायालयाचा शब्द मोडता येत नाही आणि खालच्या न्यायालयाने ठरवलेल्या वस्तुस्थितीला सहसा हात लावता येत नाही. त्याच्या हाती उरते ते कारण देणे. हँड यांची थोरवी या एका कामात आहे आणि त्यांच्या चुकाही तिथेच सापडतात, असे माझे मत आहे. या प्रस्तावनेत मी तेवढेच मांडणार आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगतो. जन्म २७ जानेवारी १८७२, न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी इथे. वडील वकील, आजोबाही वकील. वडील गेले तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा होता. हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स, जोसाया रॉइस आणि जॉर्ज सांतायाना यांच्याकडे तत्त्वज्ञान शिकून मग ते कायद्याकडे वळले. तिथे जेम्स ब्रॅडली थेअर हे गुरू भेटले. लोकनियुक्त विधिमंडळाने केलेला कायदा न्यायालयाने सहजासहजी रद्द करू नये, चूक अगदी उघड असेल तरच करावा, ही थेअर यांची शिकवण. हँड यांनी ती जन्मभर सांभाळली. पुढे ती त्यांना कुठे घेऊन गेली ते येईलच. वकिलीत त्यांचा जम बसला नाही. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी त्यांना न्यायाधीश नेमले तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. राजकारणाची ओढ मात्र सुटली नव्हती. १९१३ मध्ये, फेडरल न्यायाधीश असतानाच, ते प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदाची निवडणूक लढले आणि हरले. टॅफ्ट हे विसरले नाहीत. १९२२ मध्ये हँड यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आले तेव्हा टॅफ्ट स्वतः सरन्यायाधीश होते, आणि हा माणूस न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्या गोटात जाईल असे त्यांनी राष्ट्राध्यक्षांना कळवले. दुसरी मोठी संधी १९४२ मध्ये आली. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे जंग जंग पछाडले, पण हँड सत्तरीचे झाले होते. पाच वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या न्यायमूर्तींविरुद्ध मोहीम उघडलेल्या रूझवेल्ट यांना त्यांची नेमणूक करणे अवघड होते. ती जागा वायली रटलेज यांना मिळाली. हँड यांना याची खंत होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

सेकंड सर्किटमधली त्यांची वर्षे त्या न्यायालयाच्या भरभराटीची होती. सोबतीला चुलतभाऊ ऑगस्टस हँड, येल विद्यापीठाच्या विधी विभागाचे माजी डीन टॉमस स्वान, पुढे चार्ल्स क्लार्क आणि जेरोम फ्रँक. तिथे एक चांगली प्रथा होती. सुनावणी झाल्यावर प्रत्येक न्यायाधीश आपले मत टिपणाच्या रूपाने स्वतंत्रपणे लिहून काढी, टिपणे एकमेकांकडे जात, आणि मगच तिघे चर्चेला बसत. त्यामुळे ज्येष्ठाच्या मागोमाग मान डोलावण्याला जागा उरत नसे. हँड स्वतः निकालपत्राचे मसुदे पुन्हा पुन्हा लिहीत, आणि लिपिकाचे काम करणाऱ्या तरुण वकिलाने मसुद्यातल्या चुका तोंडावर सांगाव्यात अशी त्यांची अपेक्षा असे. अशा तरुणांमध्ये पुढे विधितत्त्वज्ञ झालेले रोनाल्ड ड्वॉर्किन होते, आणि हँड यांचे मोठे चरित्र १९९४ मध्ये लिहिणारे जेराल्ड गुंथरही होते.

व्यापार, जहाजे, कर, पेटंट, प्रताधिकार: रोजचे काम हे होते. सामान्य वाचक या प्रकरणांची पाने उलटून पुढे जाईल अशी मला भीती वाटते, म्हणून इथे थांबतो. ४ जानेवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क बंदरात 'ॲना सी' नावाचा पिठाने भरलेला बार्ज दोर सुटून वाहत गेला, एका टँकरवर आदळला, टँकरच्या पंख्याने त्याच्या तळाला भोक पडले आणि तो बुडाला. बार्जवर राखणीला असायचा तो माणूस एकवीस तास जागेवर नव्हता. मग बार्जच्या मालकाचाही दोष धरायचा का? हँड यांनी या प्रश्नाची बीजगणितासारखी मांडणी केली. अपघाताची शक्यता किती, अपघात झालाच तर नुकसान किती, आणि तो टाळायला लागणारी खबरदारी किती जड, या तीन गोष्टी पाहा. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसरीपेक्षा मोठा असेल, तर खबरदारी न घेणारा निष्काळजी ठरतो. युद्धाचे दिवस, जानेवारीतला लहान दिवस, गजबजलेले बंदर. निदान दिवसाउजेडी कामाच्या वेळात तरी माणूस हजर हवा होता. १९४७ चा हा निकाल पुढे कायद्याच्या अर्थशास्त्रीय अभ्यासाचा एक आधारस्तंभ झाला. हँड यांनी आकडे मात्र कधी घातले नाहीत. कोणते प्रश्न विचारायचे याची ती शिस्त होती.

करांच्या बाबतीत त्यांचा १९३४ चा निकाल असाच मुळाशी जाणारा आहे. एका बाईंनी आपल्या कंपनीकडचे शेअर कमी कर भरून स्वतःकडे आणण्यासाठी एक नवी कंपनी काढली, शेअर तिच्या नावावर केले आणि आठवड्याच्या आत ती गुंडाळली. कायद्यातली पुनर्रचनेची व्याख्या शब्दशः पूर्ण झाली होती. आपला कर कमी व्हावा अशी व्यवस्था करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, जास्त कर भरण्यात देशभक्ती नाही, हे हँड यांनी स्पष्ट सांगितले. पण सुटे शब्द जुळले म्हणून कायद्याचा हेतू पूर्ण होत नाही. व्यवसायाशी काही संबंध नसलेली ही हालचाल कायद्याला अभिप्रेत असलेली पुनर्रचना नव्हेच. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी हा निकाल कायम केला.

प्रताधिकारावरचे त्यांचे विवेचन तर आपल्यापर्यंत पोहोचले आहे. १९३० मध्ये ॲन निकल्स या नाटककार बाईंनी दावा केला की ज्यू आणि आयरिश कुटुंबांची भांडणे आणि मुलांचे लग्न हा आपल्या गाजलेल्या नाटकाचा विषय एका चित्रपटाने चोरला. हँड म्हणाले, कोणत्याही नाटकातले बारकावे एकेक करून गाळत गेलो की उत्तरोत्तर अधिक ढोबळ आराखडे हाती येतात. यातल्या एका टप्प्यानंतर उरते ती निव्वळ कल्पना, आणि कल्पना कोणाच्या मालकीची नसते. तो टप्पा नेमका कुठे, हे कोणालाच आखून देता आलेले नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली. निकल्सबाई हरल्या. भारतात आर. जी. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' या आपल्या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट उचलला असा दावा केला. तिथेही दोन प्रांतांतली कुटुंबे, तसेच वैर आणि तसेच प्रेम होते. १९७८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळताना ज्या परदेशी निकालांचा आधार घेतला, त्यांत हँड यांचा १९३६ चा एक निकाल आहे. मुंबईच्या चित्रपटधंद्यात आजही कथाचोरीचा वाद निघाला की वकील आनंद खटल्यापासून सुरुवात करतात.

मक्तेदारीविरोधी कायद्यावरच्या १९४५ च्या ॲल्कोआ निकालाची गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियम कंपनीविरुद्धचे हे अपील ऐकायला सर्वोच्च न्यायालयात पुरेसे न्यायमूर्तीच उरले नव्हते, कारण काहींचा आधी प्रकरणाशी संबंध आला होता. काँग्रेसने खास कायदा करून हे अपील सेकंड सर्किटच्या तिघा ज्येष्ठांकडे दिले, आणि त्या एका प्रकरणापुरती मधली पायरी वरची झाली. बाजाराचा नव्वद टक्के हिस्सा म्हणजे मक्तेदारी, साठ-चौसष्ट टक्क्यांबाबत शंका, तेहतीस टक्के म्हणजे खात्रीने नाही, हे त्यांचे मोजमाप वकिलांच्या पिढ्यांना पाठ आहे.

आता खऱ्या परीक्षेकडे येतो. अमेरिका १९१७ मध्ये महायुद्धात उतरली, हेरगिरीविरोधी कायदा झाला, आणि 'द मॅसेस' या डाव्या मासिकाचा ऑगस्टचा अंक टपालाने न्यायला न्यूयॉर्कच्या पोस्टमास्तरांनी नकार दिला. अंकात सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध व्यंगचित्रे होती. एकात स्वातंत्र्याच्या प्रतीकघंटेचे, लिबर्टी बेलचे, तुकडे झालेले दाखवले होते. संपादक मॅक्स ईस्टमन जिल्हा न्यायालयात आले. समोर हँड. युद्धज्वर असा होता की सरकारविरुद्ध निकाल देणे म्हणजे बढतीवर पाणी सोडणे, आणि अपील न्यायालयात जागा रिकामी होती. हँड यांनी सरकारविरुद्ध मनाई हुकूम दिला. त्यांची कसोटी शब्दांची होती. बोलणारा कायदा मोडायला सांगतो आहे का? सांगत असेल तर शिक्षा करा. नुसती टीका, मग ती कितीही कडवट असो, आणि तिच्यामुळे लोकांचे मन युद्धावरून उडण्याचा संभव असो, ती गुन्हा नाही. कारण परिणामाच्या संभवावर बोट ठेवायचे ठरवले, तर युद्धकाळात विरोधाचा एकही शब्द वाचणार नाही.

वरच्या न्यायालयाने नोव्हेंबरात हा निकाल फिरवला. वर्ष संपता संपता मासिक बंद पडले. अपील न्यायालयातली जागा १९१८ मध्ये मार्टिन मँटन यांना मिळाली. हे मँटन पुढे पक्षकारांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात १९३९ मध्ये दोषी ठरून तुरुंगात गेले, तेव्हा सेकंड सर्किटची अब्रू सावरायचे काम हँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर आले. १९१८ च्या जूनमध्ये आगगाडीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांची गाठ पडली, त्यांच्याशी अभिव्यक्तीवर बोलणे झाले, मग पत्रे गेली. होम्स यांनी हँड यांची कसोटी कधी स्वीकारली नाही. पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रँडनबर्ग खटल्यात बेकायदा कृत्याला तातडीने चिथावणी दिली जाते का हा प्रश्न विचारला, तेव्हा अभ्यासकांना त्यात 'मॅसेस' निकालाचा वारसा दिसला. हँड यांना जाऊन आठ वर्षे झाली होती.

'मॅसेस' निकालानंतर तेहतीस वर्षांनी हँड यांच्यासमोर कम्युनिस्ट पक्षाच्या अकरा नेत्यांचे अपील आले. सरकार उलथवण्याची शिकवण देण्याचा कट केला, हा आरोप. १९५० चा उन्हाळा, कोरियात युद्ध पेटलेले. मुख्य न्यायाधीश हँड यांनी शिक्षा कायम केल्या. अनर्थाचे गांभीर्य, त्याची असंभाव्यता वजा जाता, भाषणस्वातंत्र्यावरच्या या घाल्याला पुरेसे आहे का, असा प्रश्न त्यांनी मांडला. 'ॲना सी' बार्जचाच हा हिशेब. बंदरात तो शोभून दिसतो, कारण बुडालेल्या पिठाची किंमत लावता येते. राज्य उलथण्याची किंमत अनंत धरली की शक्यता कितीही क्षीण असली तरी गुणाकार मोठाच येतो, आणि तोंड बंद करणे दर वेळी रास्त ठरते. १९१७ मध्ये परिणामांच्या अंदाजावर विसंबू नका असे सांगणाऱ्या माणसाने १९५० मध्ये अंदाजाचेच सूत्र दिले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते जसेच्या तसे उचलले. असे खटले भरणेच शहाणपणाचे नाही, असे हँड यांचे वैयक्तिक मत होते, आणि १९५२ मध्ये ऑल्बनीच्या भाषणात शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने पाहण्याच्या वातावरणावर त्यांनी जाहीर टीका केली. तरीही मी हा निकाल त्यांची सर्वांत मोठी चूक मानतो. जे मत त्यांनी व्यासपीठावर निर्भयपणे मांडले, ते न्यायासनावर लिहायची मुभा आपल्याला नाही असे त्यांनी स्वतःच ठरवून घेतले होते.

१९५० च्याच डिसेंबरात मात्र ज्युडिथ कोप्लॉन या सरकारी कर्मचारी बाईंची हेरगिरीबद्दलची शिक्षा त्यांनी रद्द केली. अपराध उघड दिसतो असे त्यांनी लिहिले. पण अटक वॉरंटशिवाय झाली होती, आणि चोरून ऐकलेल्या दूरध्वनींचे सगळे कागद बचाव पक्षाला दाखवले गेले नव्हते. हा निकालही तितक्याच लक्षाने वाचावा.

या सगळ्यांहून मला अधिक अस्वस्थ करणारा निकाल १९४७ चा आहे. एका स्थलांतरित बापाने आपल्या तेरा वर्षांच्या मुलाचा क्लोरोफॉर्म देऊन जीव घेतला. मूल आंधळे, मुके आणि अंथरुणाला खिळलेले होते. ज्यूरीने सौम्यातला सौम्य गुन्हा धरून शक्य तितक्या दयेची शिफारस केली, आणि न्यायाधीशाने त्याला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडले. पुढे त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला. त्यासाठी अर्जाच्या आधीची पाच वर्षे चारित्र्य चांगले असावे लागे, आणि हा अर्ज पाच वर्षे पुरी व्हायला तीन आठवडे कमी असताना आला. उरलेल्या चार मुलांना तो जिवापाड सांभाळत होता. हँड यांनी विचारले, चांगले चारित्र्य म्हणजे कोणाच्या मते? न्यायाधीशाच्या मताला इथे स्थान नाही. समाजाच्या सर्वसाधारण सदसद्विवेकाने ठरवायचे. तो विवेक काय म्हणतो हे कळायला मार्ग नाही, पण बहुसंख्य लोक अशा मृत्यूला मान्यता देणार नाहीत असे दिसते. अर्ज फेटाळला, पुन्हा अर्ज करायला मोकळीक ठेवली. अधिक माहिती मागवावी, असे सांगत जेरोम फ्रँक यांनी भिन्न मत नोंदवले. मला फ्रँक यांची बाजू पटते. पण आपल्याला जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव हँड यांनी आणला नाही, आणि असा प्रामाणिकपणा निकालपत्रांत विरळा.

समाजाचा विवेक मोठा मानण्याचे हे सूत्र त्यांच्या १९४४ च्या सेंट्रल पार्कमधल्या भाषणात सर्वांत प्रसिद्ध झाले. समोर नव्याने नागरिक झालेले हजारो लोक होते. स्वातंत्र्य माणसांच्या अंतःकरणात असते. तिथे ते मेले तर कोणतीही राज्यघटना, कोणतेही न्यायालय ते वाचवू शकणार नाही, असे ते म्हणाले. १९५८ च्या हार्वर्ड व्याख्यानांत हेच सूत्र टोकाला नेऊन त्यांनी १९५४ च्या शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या निकालाच्या आधारालाही प्रश्न केला. वय शहाऐंशी. थेअर यांची शिकवण इथवर आली होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे जरा थांबावे. हँड न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात नवे असताना, १९१३ ते १९१६, त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर शिकत होते. पुढे आपली घटना लिहिली जात असताना घटना समितीचे सल्लागार बेनेगल राव फ्रँकफर्टर यांना भेटले. फ्रँकफर्टर हे हँड यांचे स्नेही आणि थेअर यांच्याच विचाराचे. न्यायालयांना फार अधिकार देऊ नका, हा त्यांचा सल्ला राव यांच्यासोबत इकडे आला, आणि अनुच्छेद २१ मध्ये 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' हे शब्द बसले. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये या प्रश्नावर घटना समितीत दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभागृहावर सोपवला. पण त्याच महिन्यात, हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग देणाऱ्या अनुच्छेदाला ते घटनेचा आत्मा म्हणाले. ज्याला सार्वजनिक तळ्याचे पाणी नाकारले गेले, त्याने बहुसंख्यांच्या अंतःकरणात स्वातंत्र्य जागे होईपर्यंत थांबावे असे कोणी म्हणू शकत नाही. हँड यांच्या विचारात या माणसाला जागा नाही. माझा त्यांच्याशी असलेला मुख्य मतभेद हा आहे आणि पुस्तक वाचताना वाचकाने तो लक्षात ठेवावा.

त्याच्याशी कितीही मतभेद झाला तरी ज्याचे निकालपत्र वाचून माणूस अधिक नीट विचार करू लागतो, असे न्यायाधीश थोडे. आपल्याकडे निकालपत्रे शेकडो पानांची होऊ लागली आहेत. हँड यांनी टगबोटीचा निकाल काही पानांत दिला आणि प्रत्येक वाक्यात एक कारण ठेवले. वकील, न्यायाधीश आणि कायद्याचे विद्यार्थी यांच्यासाठी म्हणूनच हे पुस्तक आहे, पण ज्याला सत्तेचे आणि विरोधाचे नाते समजून घ्यायचे आहे अशा कोणाही वाचकासाठी ते तितकेच आहे. माझी विनंती एवढीच की पुस्तक क्रमाने वाचू नये. आधी १९१७ चा 'मॅसेस' निकाल वाचावा, लगेच १९५० चा कम्युनिस्ट नेत्यांचा, आणि दोन्हींबद्दल स्वतःचे मत ठरवून मगच पहिल्या पानाकडे वळावे.